रिकामी खोली: घरातलं ऑफिस, रियाज, पाहुणे आणि सासऱ्यांचा दिवाण

चाफा_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

कर्वेनगरला आमचा जुन्या बांधणीचा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. तिसरी खोली १० बाय साडेदहा फूट. तिथे सासरे असायचे. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्या खोलीत आधी इस्त्रीचे कपडे गेले, मग सुटकेसा, मग मुलाची लहानपणीची सायकल. आता दार उघडलं की लगेच लावून घ्यावंसं वाटतं.

मी आठवड्यातून दोन दिवस हिंजवडीला जाते आणि तीन दिवस घरून काम करते, दुपारी अडीच ते रात्री साडेअकरा. सध्या डायनिंग टेबलावर बसते. जेवणाच्या वेळी लॅपटॉप, चार्जर, वही सगळं उचलून फ्रिजवर ठेवायचं आणि वीस मिनिटांनी परत मांडायचं. मीटिंग चालू असली तर बाकीचे दोघं कुजबुजत जेवतात. हे मला अजिबात आवडत नाही.

त्या खोलीकडून अपेक्षा बऱ्याच आहेत. माझं काम तर आहेच. नवरा सकाळी सहा ते सात तबल्याचा रियाज करतो. मुलगा नववीत आहे, परीक्षेच्या दिवसांत त्याला शांत जागा हवी. नणंद मे महिन्यात आणि दिवाळीला दोन मुलांना घेऊन साताऱ्याहून येते, तेव्हा झोपायची सोय हवी. आणि एवढं सगळं करून खोली शांत हवी. शांत म्हणजे, आत गेल्यावर तिथल्या एकाही वस्तूने ‘मला आवर’ म्हणू नये.

खिडकी एकच, पश्चिमेला, रस्त्याकडे. दार पूर्वेच्या भिंतीत, हॉलमध्ये उघडतं. आत एक लोखंडी कपाट आहे आणि सासऱ्यांचा सागवानी दिवाण, साडेसहा बाय साडेतीन, खाली दोन मोठे खण. इंटिरिअरवाल्यांना बोलावलं होतं, त्यांनी आत पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं, “हा दिवाण पहिला काढा.” नवरा काही बोलला नाही, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

काय करावं?

सह्यवेडा
चाफाताई, काहीही विकत घ्यायच्या आधी खोली पूर्ण रिकामी करा आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा. टेबलाच्या मापाचा कागद, खुर्ची मागे सरकायला तीन फूट, कपाटाचं दार उघडायला लागेल तेवढी जागा. चिकटपट्टीने चिकटवून चार दिवस तशीच ठेवा आणि येता-जाता त्यातून चाला. कागदावरच्या आराखड्यात न कळणारी गोष्ट पायांना कळते. आम्ही वारज्याच्या घरी हे केलं म्हणून पाच फुटी टेबलाचे पैसे वाचले, चार फूट पुरलं.

रानजाई
वाचतेय. आमचीही हीच अवस्था आहे, फक्त सायकलच्या जागी ट्रेडमिल.

नर्मदातीर
टेबल पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून ठेवा. वास्तूत तसंच सांगितलंय आणि मला अनुभव चांगला आला.

कंपासपेटी
@नर्मदातीर, मी वास्तू मानत नाही, पण इथे आपलं दोघांचं जमतंय. खिडकी पश्चिमेला आहे. पूर्वेला तोंड केलं तर खिडकी पाठीमागे येते. म्हणजे दुपारी ऊन थेट स्क्रीनवर आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा. पश्चिमेला तोंड केलं तर ऊन डोळ्यांत. उत्तरेकडे तोंड केलं की खिडकी डाव्या हाताला येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला हे उत्तम, हाताची सावली कागदावर पडत नाही. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवायची हा नियम एवढ्यासाठीच आहे.

आणि चाफाताईंची शिफ्ट अडीचला सुरू होते, म्हणजे पश्चिमेच्या उन्हाची आणि त्यांची वेळ एकच. हा प्रश्न रंग, टेबल या सगळ्यांच्या आधी सोडवा. आत पडदा लावून प्रकाश अडतो, पण काच तापलेलीच राहते आणि ती उष्णता आत येतेच. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर खरा फरक पडतो. बाहेरच्या ग्रिलला बांबूची चटई लावा. सोसायटीची परवानगी आधी घ्या.

तळजाईकर
उत्तरेची खिडकी असलेल्यांसाठी भर घालतो. ‘उत्तरेला ऊन येतच नाही’ हे पुण्यात पूर्ण खरं नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे त्यामुळेच वर्षातून दोनदा येतो. माझ्या उत्तरेच्या खोलीत मेमध्ये सकाळी तिरपं ऊन टेबलावर येतं.

सुतारपक्षी
माझा फर्निचरचा व्यवसाय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कुठल्याही सुताराला ‘टेबल करा’ म्हटलंत की तो तीस इंच उंचीचं करणार. हातालाच बसलेलं माप आहे ते. चाफाताई, तुमची उंची किती माहीत नाही, पण आधी एक करा. पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा खुर्चीवर बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर टेपने मोजा. टाइप करायची जागा त्याच्या आसपास हवी. माझ्या बायकोची उंची पाच फूट एक इंच. तिचं माप साडेचोवीस आलं. आणि ती दोन वर्षं तीस इंची टेबलावर खांदे उचलून काम करत होती, सुताराच्याच घरी! मान आणि खांदा दुखतो म्हणून तेल चोळत होतो आम्ही.

टेबल सगळ्यांनी वापरायचं असेल तर मधली उंची घ्या, खुर्ची वरखाली होणारी घ्या आणि पायाखाली घरातला जेवायचा पाट ठेवा. पाटासारखं फूटरेस्ट नाही. टेबलाला समोरून खण करू नका, मांड्या अडकतात. खण हवाच तर बाजूला.

प्लाय १८ मिमी घ्या. चार फुटांच्या फळीला मागून खाली आडवी पट्टी द्या, नाहीतर दोन-तीन वर्षांत मध्ये झोळ येतो. लॅमिनेट वर लावलंत की खालूनही लायनर लावून घ्या. एकाच बाजूला लावलं की फळी वाकते. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर आयएस ७१०चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का असलेला प्लाय घ्या. शिक्का स्वतः बघा, कापायच्या आधी. भवानी पेठेत टिंबर मार्केटला एकदा स्वतः जाऊन या, सुतारावर सोडू नका. माझ्या धंद्यातला माणूस असून सांगतोय.

सागवानी दिवाणाबद्दल: आज तसा करायला सांगितलात तर किंमत ऐकून परत जाल. काढायचा निर्णय घाईने घेऊ नका.

चाफा_कर्वेनगर
सुतारपक्षीदादा, माझीही उंची पाच एक. आत्ताच मुलाकडून मोजून घेतलं, २४.५! डायनिंग टेबल साडेतीस आहे. खांदा का भरून येतो ते आज कळलं.

बाणेरबाई
मी वेगळं मत मांडते. दिवाण काढा. १० बाय साडेदहात तो पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच जमीन खातो, तेही वर्षातल्या वीस दिवसांच्या पाहुण्यांसाठी. भिंतीत दुमडणारा पलंग करा. उरलेले दिवस खोली मोकळी. मोकळी जमीन म्हणजेच शांतता.

कटिंग_स्पेशल
@बाणेरबाई, तोच पलंग आम्ही केला होता. दोन वर्षांत एका बाजूचा गॅसचा दांडा बसला. उघडताना पलंग एका अंगाने धाडकन खाली यायचा. आईच्या पायावर येता येता राहिला. ज्यांनी बसवला त्यांनी वर्षानंतर फोन उचलणं सोडलं. शिवाय रोज कोणी तो उचलून बंद करत नाही हो. पहिले पंधरा दिवस उत्साह असतो, मग तो उघडाच राहतो. करायचाच तर दांड्यांचा सेट सहज बदलून मिळतोय ना ते आधी पाहा.

बाणेरबाई
आमचा पाच वर्षं चालू आहे. पण रोज उचलायची सवय लागते हे बरोबर. माझ्या नवऱ्याला लागली, मला नाही.

मंद्रसप्तक
मी गायन शिकवते, घरातल्याच खोलीत, आणि तिथेच मुलगी ऑनलाइन काम करते. त्यामुळे रियाज आणि कॉल एका खोलीत नांदू शकतात हे खात्रीने सांगते.

दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. आवाज बाहेर जाऊ न देणं वेगळं आणि खोलीत घुमू न देणं वेगळं. घुमणं कमी करायला मऊ आणि जाड वस्तू लागतात: जाड सतरंजी, गादी, जाड पडदा, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, कडकड ऐकू येतं. मग गादी आणून टाका आणि परत वाजवा. चाफाताई, तुमचा दिवाण आणि त्यावरची कापसाची गादी यांचा इथे मोठा उपयोग आहे. मोकळ्या जमिनीच्या, काचेच्या, चकचकीत लॅमिनेटच्या खोलीत तुमचा आवाज कॉलवर हौदातून आल्यासारखा येईल.

आवाज बाहेर जाणं मात्र सतरंजीने थांबत नाही. तिथे वजन आणि फटी महत्त्वाच्या. दाराखाली अर्धा इंच फट असेल तर महागडं दार करूनही उपयोग नाही. दाराच्या खालच्या कडेला लावायची रबरी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. रविवार पेठेत बोहरी आळीत नक्की मिळेल. सकाळी सहाच्या तबल्यासाठी खिडकीच्या फटींनाही तेच करा.

आणि तबला पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवू नका. ऊन आणि पावसाळी हवा दोन्हींनी शाई-पुडीचं नुकसान होतं, स्वर उतरतो-चढतो. गवसणीत घालून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा.

शनिवारवाडाशेजारी
फटी बंद करून कुकरच्या शिट्ट्या थांबतील, पण नदीपात्रात जुलैपासून ढोलांचा सराव सुरू होतो त्याला काय करायचं? आमच्याकडे संध्याकाळी सहाचा कॉल मी गणपती होईपर्यंत घेतच नाही.

ताशाचा_ठेका
मी पथकात आहे. तुमचा त्रास खोटा नाही. आम्ही वेळ पाळतो, पण घरात आजारी माणूस किंवा परीक्षा असेल तर पथकाच्या प्रमुखांना जाऊन भेटा, जागा थोडी सरकवता येते. आम्ही गेल्या वर्षी सरकवली होती.

शनिवारवाडाशेजारी
मनापासून आभार. भेटतो.

फेज_न्यूट्रल
विजेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

महावितरणचं दुरुस्तीचं काम बहुधा गुरुवारी असतं, तेव्हा घरून काम करणाऱ्याने गुरुवार गृहीत धरूनच सोय करावी. हिशेब सोपा आहे. लॅपटॉप ६० वॉट, राउटर १०-१२, एलईडी १०, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. एकूण ११० वॉट. साध्या पंख्याला एकट्यालाच ७० ते ७५ लागतात, म्हणून पंखा बदलणं हा पहिला खर्च. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची असते. त्यातले निम्मेच हातात येतील असं धरलं तरी आठ तास निघतात. फक्त राउटर चालू ठेवायचा असेल तर छोटा १२ व्होल्टचा यूपीएस पुरतो.

लेड-ॲसिड बॅटरी मात्र या खोलीत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बाल्कनीत, हवेशीर जागी ठेवा.

सॉकेट टेबलाच्या वरच्या पातळीला घ्या, टेबलाखाली वाकून प्लग लावायची वेळ येऊ नये. राउटर हॉलमध्ये असेल तर खोलीत लॅनची वायर ओढा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंती ओलांडताना बरंच कमजोर होतं. रंग द्यायच्या आधी पाइप घालून घेतलात तर भिंत दुसऱ्यांदा फोडावी लागणार नाही. सामान तपकीर गल्लीतून आणा, चार दुकानं फिरून.

रातराणी
चाफाताई, मीही साडेअकरापर्यंत काम करते. खोलीत दोन वेगळे दिवे वेगळ्या बटणांवर घ्या. दुपारी ४००० केल्विनचा, आणि रात्री नऊनंतर फक्त टेबलावरचा ३००० केल्विनचा पिवळा. आधी माझ्याकडे ६५०० ची पांढरीशुभ्र ट्यूब होती. काम संपल्यावर दीड-दोनपर्यंत झोप लागायची नाही. दिवा बदलल्यावर आणि साडेअकराला खोलीचं दार ओढून घ्यायला लागल्यावर बाराला डोळा लागतो.

पण एक प्रश्न. नणंद मुलांना घेऊन त्या खोलीत झोपणार आणि तुम्ही साडेअकरापर्यंत त्याच खोलीत कॉलवर? हे कसं जमवणार?

चाफा_कर्वेनगर
अगं खरंच की! हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. आत्तापर्यंत मी बाहेर बसायचे, त्या आत झोपायच्या.

रातराणी
म्हणजे ‘खोली ऑफिस कशी करायची’ याच्याइतकाच ‘ऑफिस दहा मिनिटांत खोलीबाहेर कसं काढायचं’ हाही प्रश्न आहे.

वळकटी
मी सत्तरीला आले. इथे बहुतेक वेळा फक्त वाचते, पण रातराणीचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहायचो. माजघरात सकाळी वळकट्या उचलल्या की तिथेच पानं मांडली जायची. दुपारी आई शिवणयंत्र ओढून बसायची. संध्याकाळी आम्ही भावंडं अभ्यासाला, रात्री परत अंथरुणं. कोणी त्याला बहुउपयोगी खोली म्हणत नव्हतं, पण होती तीच. आणि खरं सांगते, ती खोली अस्ताव्यस्त नव्हती. कारण प्रत्येक वस्तूला फडताळात, कोनाड्यात, खुंटीवर ठरलेली जागा होती आणि एक उचलल्याशिवाय दुसरं मांडायचं नाही हा आईचा नियम होता. शिवणयंत्राला झाकण होतं. झाकण पडलं की ते यंत्र नसायचं, दिवा ठेवायचं टेबल असायचं.

चाफा, तुझ्या दिवाणाला दोन खण आहेत म्हणतेस. एक खण अंथरुणाला, एक खण ऑफिसला. काम संपलं की लॅपटॉप, वही, वायरी सगळं एका पेटीत आणि पेटी खणात. पाहुणे आले की ती पेटी उचलून आपल्या झोपायच्या खोलीत न्यायची. इंटिरिअरवाल्यांना दिवाण अडचण वाटला कारण त्यांनी खण उघडून पाहिले नसतील. आणि नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला म्हणतेस, त्याला एकदा नीट विचार गं.

मंद्रसप्तक
वळकटीमावशी, किती नेमकं लिहिलंत.

कंपासपेटी
+१. दिवाण दक्षिणेच्या भिंतीला, टेबल उत्तरेच्या. मधे खुर्ची फिरायला जागा उरते का तेवढं मोजा. साडेतीन फूट दिवाण, दोन फूट टेबल, खोली दहा फूट: साडेचार फूट मोकळे. पुरेसे आहेत. रियाज दिवाणासमोर सतरंजीवर. व्हिडिओ कॉलला मागे दिवाण आणि त्यावरची भिंत दिसेल, ती भिंत साधीच ठेवा.

बाणेरबाई
हे वाचून मी माझं मत बदलते. खण असलेला दिवाण आणि नुसता पलंग यात फरक आहे. रंग मात्र मॅट घ्या. चकाकणाऱ्या रंगावर दुपारी डोळे दिपतात.

रानजाई
टेबलावर एखादं रोप ठेवा. मनी प्लांट पाण्याच्या बाटलीत मस्त वाढतो.

फेज_न्यूट्रल
ते पाणी दर आठवड्याला बदला. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो. मातीतली कुंडी बरी.

(अडीच महिन्यांनंतर)

चाफा_कर्वेनगर
मंडळी, खोली झाली. सगळ्यांना सांगायचं राहून जात होतं.

वळकटीमावशींचा प्रतिसाद त्या रात्री नवऱ्याला वाचायला दिला. तो काही न बोलता आत गेला आणि खण उघडून बसला. नानांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वस्तू आम्ही कधी काढल्याच नव्हत्या. चष्म्याच्या तीन केस, पीएमटीचा पास, नीट घडी केलेल्या पिशव्या. रात्री एकपर्यंत आम्ही दोघं खाली बसून एकेक वस्तू लावत होतो. सायकल दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशींच्या नातवाला दिली.

दिवाण दक्षिणेला गेला. टेबल चार बाय दोन, उंची सव्वीस इंच, पायाखाली पाट. खांदा खरंच थांबलाय. सुतारपक्षीदादा, तुमचे आभार किती मानू! लॅनची वायर रंगाच्या आधी घातली. खिडकीबाहेर चटई लावायला सोसायटीने परवानगी दिली, आणि अडीचला खोलीत बसवतं आहे, मे असूनसुद्धा. दाराची रबरी पट्टी बोहरी आळीतूनच आणली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “तबला बंद केला का?” रियाज रोज चालू आहे.

एका खणात गाद्या-चादरी, दुसऱ्यात माझी पेटी. साडेअकराला पेटी आत, खण बंद, पिवळा दिवा बंद. खण ओढताना मधेच अडकतो आणि मग कर्र वाजून पुढे जातो, पहिल्यापासून तसाच आहे. मेणबत्ती घासली की चार दिवस बरा चालतो.

नणंद गेल्या आठवड्यात आली. पेटी उचलून मी आमच्या खोलीत गेले, काही अडलं नाही. ती आल्या आल्या दिवाणावर बसली आणि उशाकडच्या फळीवर हात फिरवायला लागली. तिथे नानांच्या रेडिओचा गोल डाग आहे. पॉलिशवाल्याने तासून काढू का विचारलं होतं. नवरा तेव्हा म्हणाला, “बाकी सगळं करा, तेवढं राहू द्या.”

आता आतला पडदा राहिलाय. मांजरपाटाचा शिवायचा विचार आहे, चालेल ना?

वळकटी
चालेल की. पण कापड आधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव आणि मगच माप घेऊन शिवायला दे. नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा वीतभर वर जाईल.